गावची जैवविविधता समिती : सल्ला द्यायचा, पण ऐकणार कोण?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा मी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत माझं नाव घातलं गेलं. समिती काही वर्षांपूर्वीच झालेली होती, पण जुन्या सदस्यांतले दोघे मुंबईला गेले आणि बाकीच्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या कपाटातून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या प्राणी-वनस्पतींची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, काढून घेतली. छान बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. आत वन्यप्राण्यांच्या यादीत नीलगाय आहे! आमच्या पंचक्रोशीत कोणी नीलगाय पाहिलेली नाही. उलट ज्या खाडीवर अर्धी वाडी जगते त्या खाडीतले मुळे, तिसऱ्या, कालवं, शेंगटी, पालू या शिंपल्या-माशांतलं एकही नाव नाही. सड्याबद्दल, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराबद्दल, एक ओळ : 'पडीक जमीन'. नोंदवही बाहेरच्या संस्थेकडून तयार करून घेतलेली. गावात कोणाला विचारल्याचं कोणाला आठवत नाही.

मला हे काम मनापासून करायचं आहे. खाडीच्या तोंडाशी खाजणात, म्हणजे कांदळवनाच्या दलदलीत, मातीचा भराव पडायला लागला आहे, रात्री वाळूचे पंप चालतात. प्रश्न असा, की या समितीला नक्की अधिकार काय? नुसता सल्ला द्यायचा असेल तर तो कोणाला द्यायचा आणि त्यांनी तो का ऐकावा? ज्यांनी आपापल्या गावात काही करून पाहिलंय त्यांनी सांगा.

सडाफिरस्ता
अभिनंदन दादा. नीलगाईबद्दल वाईट वाटून घेऊ नका, आमच्या राजापूरकडच्या एका गावच्या वहीत बर्फाळ प्रदेशातलं झुडूप सापडलं होतं. वह्या अशा घाईत का झाल्या त्याचं कारण सांगतो. ९ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. आपल्या राज्यात २८ हजारांवर स्थानिक संस्था. एवढ्या नोंदवह्या थोड्या महिन्यांत व्हायच्या म्हटल्यावर एका गावची यादी दुसऱ्या गावाला लागली.

पण वही बंद झालेली नसते, हे लक्षात ठेवा. ती वेळोवेळी सुधारायची, वाढवायची, हे समितीचंच काम आहे. तिथूनच सुरू करा.

रोखठोक_गुहागर
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. या समित्या म्हणजे सरकारने न्यायालयाला दाखवायला केलेली कागदपत्रं. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. पाऊस सुरू झाला की पाण्याला वास येतो आणि मासे मरून काठाला लागतात. भोई मंडळी वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. पंचनामा होतो, नमुने जातात, अहवाल येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. समितीने सल्ला दिला काय नि न दिला काय. शक्ती खर्च करायची तर न्यायालयात करा.

कलमवाली
मी वकिली करते, रत्नागिरीत. कायद्यात काय आहे तेवढं सांगते, मग वाद घालू.

जैविक विविधता कायदा २००२, कलम ४१. पहिलं पोटकलम : प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमायची, संवर्धन, शाश्वत वापर आणि नोंदणीसाठी. दुसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणी वाचत नाही ते : त्या समितीच्या हद्दीतली जैविक संसाधनं किंवा त्यांच्याशी जोडलेलं ज्ञान वापरण्याबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने समितीशी सल्लामसलत करायचीच आहे. कायद्याची भाषा बंधनकारक आहे. तिसरं : व्यापारासाठी कोणी तुमच्या हद्दीतून संसाधन गोळा करत असेल तर समिती त्याच्यावर शुल्क बसवू शकते.

२००४ च्या केंद्रीय नियमांत अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया, १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान सात, कमाल अकरा सदस्य.

म्हणजे खाजणातला भराव थांबवायचा हुकूम ही समिती देऊ शकत नाही. वाळूचा पंप जप्त करू शकत नाही. पण 'नुसता सल्ला' म्हणून सोडून द्यावं इतकी ती पोकळही नाही. रोखठोक, तुम्ही न्यायालय म्हणता. तिथे पहिला प्रश्न येतो, 'तिथे काय होतं याचा पुरावा काय?' गावाच्या ठरावाने मंजूर झालेली, तारखांसह भरलेली नोंदवही हा तो पुरावा.

दर्यासारंग
मी मालवणातसून लिवतंय. आमच्या गावात ही समिती आसा ह्या माका आज हय वाचल्यार कळला. उद्या जावन इचारतंय. नीलगाय नसली तरी वहीत निदान बांगडो आसा काय ता बगूक व्हया.

माहेरवाशीण
दर्यासारंग, बांगडो नसलो तर तुमच्या जेवणार परिणाम होतलो म्हणा ना! :) जाऊन बघा आणि इथे सांगा नक्की.

चिकूवाडी
मी डहाणूचा. उत्तर कोकण म्हणजेसुद्धा कोकणच, म्हणून आमचा अनुभव मांडतो. जरा लांब होईल.

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका परिसर-संवेदनशील ठरला. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी ५०० एकरच जमीन, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा. अधिसूचना असूनही उल्लंघनं चालू राहिली तेव्हा इथल्या लोकांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९९६ च्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. २०१९ च्या जानेवारीत ते गेले, तोपर्यंत तेच अध्यक्ष होते.

हे प्राधिकरण सल्लागार नव्हतं. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ३ खाली त्याला हुकूम देण्याचे अधिकार होते. १९९८ मध्ये वाढवण बंदराला त्याने नकार दिला. औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली, त्यासाठी कंपनीकडून ३०० कोटींची बँक हमी मागितली. सुनावणी व्हायची तेव्हा वारली बायका, मच्छीमार, चिकूचे बागायतदार, कंपनीचे वकील एकाच खोलीत बसायचे आणि न्यायमूर्ती सगळ्यांचं ऐकायचे. 'तुमचं म्हणणं नोंदवलं' असं म्हटलं की ते खरंच नोंदवलेलं असायचं. आमच्या पिढीने लोकशाही म्हणून जे काही पाहिलं त्यातलं हे फार मोलाचं.

म्हणून खाडीकाठ यांना सांगावंसं वाटतं, अधिकार असलेली संस्था मागा. सल्लागार समितीने समाधान मानू नका.

रोखठोक_गुहागर
चिकूवाडी, प्रतिसाद आवडला. पण गोष्ट पुरी सांगा. त्याच प्राधिकरणाने २०२३ च्या जुलैत त्याच वाढवण बंदराला अटी घालून परवानगी दिली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. म्हणजे अधिकार असूनही शेवटी काय झालं?

चिकूवाडी
खरं आहे, आणि तो निर्णय आमच्या मच्छीमार गावांना फार लागला. पण मध्ये पंचवीस वर्षं गेली हे विसरू नका. त्या पंचवीस वर्षांत इथल्या किनाऱ्यावर बंदर झालं नाही, शिंपल्यांच्या खडकाळ पट्ट्यावर लोकांनी मासेमारी केली, मुलं शिकवली. त्यातून मला कळलं ते एवढंच की संस्थेत कोण बसतं यावर फार अवलंबून असतं. कायदा तोच, खुर्चीतला माणूस बदलला.

कलमवाली
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण डहाणूचं प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आलं. गावोगाव तसं होणार नाही. गावाला आज हातात काय आहे ते पाहू या.

तिलारीकर
दोडामार्ग तालुक्यातून. आमच्याकडचं उदाहरण घ्या. हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. बारमाही ओलावा, चिखलातून वर आलेल्या वाकड्या मुळ्या, आत दुपारीसुद्धा अंधार. अशा दलदली केरळ-कर्नाटकात माहीत होत्या, इतक्या उत्तरेला आहे हे अभ्यासकांना अगदी अलीकडे कळलं. २०२० च्या डिसेंबरात २.५९ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. पुढच्याच वर्षी आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडाचा परिसर जाहीर झाला, तिथल्या छोट्या माशासाठी. शिस्टुरा हिरण्यकेशी हे त्याचं शास्त्रीय नाव, २०२० मध्येच शोध लागलेला.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान. जागा देवाची होती. दलदल राखली गेली ती देवाच्या राईत कोयता चालवायचा नाही या नेमाने, आणि कुंडाला महादेवाचं देऊळ. अधिसूचना नंतर आली. वारसा स्थळ जाहीर करताना राज्य सरकारने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची असं कलम ३७ सांगतं. म्हणजे तुमची समिती अभ्यासकांना घेऊन प्रस्ताव तयार करू शकते.

गावकार_वाडी
इथे मी थोडा वेगळा बोलणार. आमच्याकडे देवरहाटी, म्हणजे देवाची राखलेली राई, आहे, मानकरी आहेत, कौल लावल्याशिवाय वाळलेलं लाकूडसुद्धा उचलत नाहीत. एकदा वारसा स्थळ जाहीर झालं की फलक लागणार, कुंपण येणार, मग शिमग्याला होळीचं झाड कुठून आणायचं, पालखी कुठून न्यायची हे साहेबांना विचारायचं का? आमच्या देवरहाटीच्या जमिनी सातबाऱ्यावर सरकारच्या नावे लागल्या, ते दुखणं जुनं आहे. आम्ही राखली म्हणून राहिली, आणि आता आम्हालाच परवानगी?

तिलारीकर
तुमची भीती रास्त आहे. पण स्थळ जाहीर झालं की लोकांच्या चालत आलेल्या वापरावर आपोआप बंदी येत नाही. नियम काय असावेत हे व्यवस्थापन आराखड्यात ठरतं आणि त्यात गावची समिती असते. होळीचा मान, पालखीची वाट, देवाची कामं हे सगळं आराखड्यात आधीच लिहून घ्या. लिहिलं नाही तर पुढे येणाऱ्या अधिकाऱ्याला माहीत कसं होणार?

गावकार_वाडी
लिहून घ्यायचं हे पटलं. पण कुणी लिहायचं ते आम्हीच ठरवू.

सडाफिरस्ता
अगदी. आणि सडासुद्धा लिहा! महसुली कागदात जांभ्याचा सडा 'पोटखराब' किंवा 'पडीक'. पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवं, दिपकाडी, किटकभक्षी वनस्पती उगवतात, साचलेल्या डबक्यांत बेडकांची पैदास होते, त्या पाण्यावर खालच्या विहिरी भरतात. कातळशिल्पं त्याच सड्यांवर, त्यातल्या काही ठिकाणांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पडीक म्हटलं की चिऱ्याच्या खाणीला द्यायला कोणाचा हात थरथरत नाही. नोंदवहीत ऋतूप्रमाणे पान करा. मे महिन्यात सडा बघणारा माणूस 'इथे काही नाही' असंच लिहिणार.

चढणीचे_मासे
पावसाच्या पहिल्या पाण्याला शेतात चढून येणारे मासे कोणी नोंदवले का? मळ्याचे मासे, खवळे, आणि ती वाळूत लपणारी... आमच्या आजीचं त्यांचं तिखलं, त्रिफळं घालून...

माहेरवाशीण
त्रिफळं मासे शिजत आल्यावर ठेचून घालायची, आधी घातली की कडवट होतं.

चढणीचे_मासे
आमच्याकडे आधीच घालतात. कडवट होत नाही.

दर्यासारंग
तिखल्यात त्रिफळां बांगड्याक. चढणीच्या माशांका नुसती हळद-मिरची नि कोकमा.

खाडीकाठ
मंडळी, पाककृतीचा वेगळा धागा काढा, मी स्वतः तिथे येईन. :) पण चढणीचे मासे नोंदवहीत घालायची कल्पना उचलली. शेतातून ओढ्याला जाणारी वाट बांधकामाने बुजली की ते मासे संपतात, हे नोंदवलंच पाहिजे.

पंचक्रोशी_निवृत्त
मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, बराच काळ रायगड आणि रत्नागिरीत. दुसरी बाजूही ऐका. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन ग्रामपंचायती. पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तंटामुक्ती, वनहक्क, दक्षता, शाळेच्या बैठका, त्यावर ही. बहुतेक ठिकाणी सचिव तोच. आणि वर्षातून ठरलेल्या तारखांच्या ग्रामसभा. तो कंटाळतो यात दुष्टपणा नाही, दिवस पुरत नाही.

काम व्हायचं तर ग्रामसेवकाला लिहिण्याचं ओझं देऊ नका. ठरावाचा मसुदा तुम्ही लिहून न्या. मसुद्यात चार गोष्टी असाव्यात : काय दिसलं, कुठे (गट नंबरासह), केव्हापासून, आणि कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कायद्याखाली काय करावं अशी विनंती. 'पर्यावरणाचे रक्षण व्हावे' असा ठराव फायलीत जातो आणि तिथेच राहतो. 'गट नंबर अमुकमधील कांदळवनात भराव झाला आहे, पंचनामा व्हावा' असा ठराव आला की टपाल आवक क्रमांक पडतो आणि कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि समितीचं बैठकीचं इतिवृत्त वेगळं ठेवा.

रोखठोक_गुहागर
निवृत्त साहेब, हे मान्य. गट नंबर घालून लिहिलेला अर्ज मी आजवर केलेला नाही. करून बघतो.

कलमवाली
खाजणातल्या भरावाबद्दल खाडीकाठ, तुमच्याकडे भक्कम आधार आहे. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : कांदळवन तोडणं, त्यावर भराव टाकणं म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, २०११ च्याही आणि २०१९ च्याही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती आहे आणि तिच्यावर स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. त्यात मच्छीमार आलेच.

तुमच्या जिल्ह्यात ते तीन कोण आहेत, शेवटची बैठक केव्हा झाली, इतिवृत्ताची प्रत द्या, असा माहितीचा अर्ज टाका. गावच्या समितीने ठराव करायचा, तो तहसीलदार, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि ही जिल्हा समिती या तिघांना पाठवायचा. गावचा सल्ला एकटा दुबळा असतो, त्याला दुसऱ्या कायद्याचा आधार मिळाला की तो पुढे सरकतो.

कालवंवाली_मामी
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. सून टाइप करून देतेय.

मी लहानपणापासून खाडीत जाते. कालवं, मुळे, खुबे, कुर्ल्या. सगळे इथे अधिकार, कलम, ठराव बोलताय, चांगलं आहे. पण त्या समितीत बसतं कोण? आमच्या गावात दोन बायकांची नावं आहेत. एकीचा नवरा माजी सदस्य, दुसरीच्या घरचं कोणी खाडीत जात नाही. बैठक ठेवली सकाळी. त्या दिवशी उधाणाची ओहोटी, आम्ही सगळ्या चिखलात. अमावास्या-पुनवेच्या आसपास पाणी खूप खाली जातं, तेव्हाच मुळे मिळतात, ते दिवस आम्ही सोडू शकत नाही. भांगाच्या दिवसांत, पाणी फार खाली जात नाही तेव्हा, बैठक ठेवली असती तर आम्ही दहाजणी आलो असतो.

कुठल्या जागी चिखल घट्ट झालाय, कुठे वाळू उपसल्यावर खोल खड्डे पडलेत, कुठे तिसऱ्यांचं बी लागायचं बंद झालं, हे आम्हाला पायाने कळतं. आधी गुडघ्याएवढ्या पाण्यात जिथे टोपली भरायची तिथे आता माणूस बुडेल. एक जण तर गेलाच होता, ओढून काढला. कारखान्याचं पाणी येतं तेव्हा कालवं उघडतात आणि मरतात, मासे मरायच्या आधी. कोणी आम्हाला विचारलं असतं तर आम्ही आधी सांगितलं असतं.

आणि अजून एक. खाडीत आम्ही स्वतःच नेम पाळायचो. मोठ्या आया होत्या त्या सांगायच्या, लहान मुळे परत टाका, एका जागी रोज खणू नका, एक बाजू सोडा. आता बाहेरून माणसं येऊन सगळं खरवडून नेतात, आणि आमच्याच मुली पण भाव मिळतो म्हणून लहान नेतात. हे पण लिहा. आम्हाला फक्त बिचाऱ्या म्हणून लिहू नका.

खाडीकाठ
मामी, साष्टांग नमस्कार. पुढची बैठक मी तिथी बघूनच ठेवायला सांगेन.

माहेरवाशीण
मामींचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. वाचनखूण साठवली.

पंचक्रोशी_निवृत्त
बैठकीच्या नोटिशीवर तारखेसोबत तिथी छापायला कोणताही नियम आड येत नाही. फार सोपी गोष्ट, इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाला सुचली नाही.

घाटमाथा
मामी म्हणतात तेच वेगळ्या शब्दांत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात मांडलं होतं. राष्ट्रीय पातळीवर प्राधिकरण, प्रत्येक जिल्ह्यात परिसर समिती, आणि निर्णय ग्रामसभेपासून वर जाणारे. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, २०१३. मग एकामागून एक प्रारूप अधिसूचना, ३१ जुलै २०२४ ची सहावी. त्यात गावांची यादी वरून खाली येते. लोकांना वाटतं आपल्यावर काहीतरी लादलं जातंय, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. गावाने स्वतः ठरवलं असतं तर विरोध इतका झाला नसता असं माझं ठाम मत आहे.

आंबेवाला
असहमत. आमच्या गावात ग्रामसभेने खाणीच्या बाजूने ठराव केलाय. ट्रक गावातल्याच लोकांचे आहेत. 'गाव' म्हणजे एक मत नसतं. गावावर सोडलं की निसर्ग वाचेलच ही समजूत सोडा.

घाटमाथा
तेही खरं. पण त्या ठरावाला विरोध करणारे तुम्ही सभेत होतात ना? वरून यादी आली असती तर तुम्हालाही बोलायला जागा नव्हती.

आंबेवाला
होतो. आठ-दहा जण होतो. पडलो. पुन्हा जाणार आहे.

चिपळूणचा_वड
शहरातल्यांसाठी माहिती. नगरपरिषद हद्दीत झाडांबाबत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात वडा-पिंपळांच्या रांगा गेल्या, आमच्या लहानपणी गाडी त्यांच्या सावलीतून यायची. ते थांबवता आलं नाही. पण शहरातल्या उरलेल्या झाडांची यादी नगरपरिषदेकडे आहे का, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिलारीकर
पैशाचा मुद्दा राहिला. नरक्या हे औषधी झाड माहीत असेल सगळ्यांना. कर्करोगाच्या औषधासाठी त्याला मागणी, आणि आमच्या जंगलातून त्याची चोरटी तोड झाली. शुल्क बसवण्याचा अधिकार समितीला असतानाही आमच्या भागात व्यापारी समितीकडे फिरकत नाही, कारण समिती आहे हेच त्याला कोणी सांगितलं नाही. समितीने स्वतःची दुसरी वहीही ठेवायची असते : कोणाला काय न्यायला दिलं, किती शुल्क घेतलं, पैसे कशाला वापरले. आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट मिळवायची तर त्या लागवडीच्याच आहेत असा दाखला समितीकडून लागतो. इथे समितीने डोळे उघडे ठेवावेत, नाहीतर रानातला माल लागवडीचा म्हणून बाहेर जाईल.

एक सावधगिरी. नरक्याची, ऑर्किडची नेमकी जागा नोंदवहीत छापू नका. वैदूंचं औषधाचं ज्ञानही त्यांना विचारल्याशिवाय उघड लिहू नका. 'गावात आहे' इतकं पुरे, बाकी समितीने आपल्याकडे राखावं.

रोखठोक_गुहागर
माझा एक प्रश्न उरतो आणि तो गंभीर आहे. रात्री वाळूचे पंप चालवणारी माणसं कोण असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. समितीतल्या एका सदस्याने नाव घेऊन तक्रार केली की रात्री घरावर दगड येतात. अशा वेळी कोण उभं राहतं?

कलमवाली
एकट्याने तक्रार करूच नका. ठराव समितीचा, आणि शक्य झालं तर ग्रामसभेचा. त्यात माणसाचं नाव नको. जागा, वेळ, नुकसान लिहा. यंत्र कोणाचं हे शोधायचं काम महसूल आणि पोलिसांचं. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी नोंद करा. भीती खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही.

कालवंवाली_मामी
खड्डे आम्ही दाखवू. दहाजणी मिळून गेलो तर कोणाच्या घरावर दगड टाकणार?

गावकार_वाडी
मामी, आमच्या गावच्या वतीनेही तुम्हाला नमस्कार.

सडाफिरस्ता
रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून देतो. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तेव्हा गावात अशी कुठलीही समिती नव्हती. अंडी नेणारा कोल्हा आणि अंडी नेणारा माणूस, दोघांपासून राखायचं. पुढे गावकऱ्यांनी घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली, वनखातं आलं, आणि माडबन, वेत्ये, वायंगणीपर्यंत हे काम पसरलं. आधी माणसं कामाला लागली. पण आज किनाऱ्यावर दिवे लावायचे, बांधकाम करायचं म्हणून कोणी आलं तर त्या गावांकडे कित्येक हंगामांच्या घरट्यांच्या नोंदी आहेत. त्या नोंदी कोणी पाठवून दिलेल्या नाहीत, पहाटे किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी लिहिल्यात.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी काय करायचं ठरवलंय ते सांगतो, कुठे कमी पडत असेल तर टोका.

जुनी वही रद्द करा असं म्हणणार नाही, त्याने भांडण होईल. तिला पुरवणी जोडायचा ठराव १ मेच्या ग्रामसभेत आणतो. पुरवणीत पहिलं पान खाडीचं, आणि ते सांगणाऱ्या खाडीत जाणाऱ्या बायका असतील, लिहिणारी शाळेतली मुलं. जून ते सप्टेंबर सडा. रिकाम्या झालेल्या दोन जागांपैकी एकीवर खाडीत जाणारी बाई घ्यावी, असं सरपंचांशी बोललो आहे, ते तयार आहेत. भरावाचा ठराव मात्र मेपर्यंत थांबवत नाही. गट नंबर तलाठ्याकडून काढायला दिलाय.

पंचक्रोशी_निवृत्त
उत्तम. गाव नकाशाची प्रतही मागून घ्या, भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. खाजणाची हद्द सातबाऱ्यावर एक आणि नकाशावर वेगळी असते, तपासणीला आलेला माणूस नेमकं तिथेच अडतो. आणि पुरवणीच्या प्रत्येक पानावर सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या.

कलमवाली
सहीसोबत तारीखही. भरावाच्या ठरावाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, बघून देते. फी नाही.

दर्यासारंग
जावन इलंय. समिती आसा. अध्यक्ष म्हणान माझ्या चुलत्याचा नाव आसा नि तो दुबईक. वहीत बांगडो आसा, पेडवे नाय, तारली नाय, कालवां नाय. नवीन अध्यक्ष नेमूक ग्रामसभेत इषय घेवचो म्हणान अर्ज दिलंय, शिक्को घेतलंय. मामी, तुमचा गाव खयचा? आमच्या बायकांका तुमच्याशी बोलाचा आसा.